घड्याळकाका उलटे फिरतात

घड्याळकाकांनी दुकान कायमचं बंद केलं, तेव्हा अर्ध्या गल्लीनं पैज लावली की आठ दिवसांत हा माणूस पुन्हा कुलूप उघडणार. गल्लीचा तरी काय दोष? एक्केचाळीस वर्षं लोकांनी त्यांना एकाच जागी, एकाच स्टुलावर, उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेलं पाहिलं होतं. दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीत बसवलेली खोली. काका आत शिरले की दुकान भरलं. "काका, जरा उठून पाय मोकळे करत जा," असं कुणी म्हटलंच, तर भिंग न काढता ते म्हणत, "पाय? मला देवानं काउंटरच्या वरचाच भाग दिलाय."

पण या खेपेला काकांचं ठरलं होतं. शेवटचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात दिव्याखाली धरून पाहिले. बोटं जराही थरथरत नव्हती. सहासष्टाव्या वर्षी, केसाएवढ्या स्प्रिंगा आयुष्यभर चिमट्यानं उचलल्यावर, बोटं अशी शाबूत असणं ही काही आपली कमाई नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. डोळे चांगले राहिले, लेक शिकून आपल्या पायावर उभी राहिली, घर चाललं. या सगळ्याबद्दल कुठेतरी आभार मानायला हवेत आणि तेही जातीनं जाऊन, असं त्यांच्या मनानं घेतलं. कुठे जायचं हे शोधावं लागलं नाही. ते त्यांच्या घरात वीस वर्षं ठरलेलंच होतं.

काकू शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. डोंगरावरच्या त्या तीर्थाला त्या तीनदा पायी जाऊन आल्या होत्या. दोनशे चाळीस किलोमीटर, बारा दिवस, शेवटी सहाशे पायऱ्या. प्रत्येक वेळी निघताना त्या विचारत, "येताय?" आणि प्रत्येक वेळी काका म्हणत, "पुढच्या वेळी नक्की." या 'नक्की'चा काकूंनी कधी हिशेब मागितला नाही. त्या आपल्या जात आणि पायाला फोड घेऊन परत येत. काका गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवत आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जात. यंदा मात्र काकूंनी एकदाच आणि साध्या आवाजात सांगितलं, "यंदा शेवटचं. यापुढे मला जमायचं नाही."

"यंदा मी येतो," काका म्हणाले. काकूंच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली.

पदयात्रेची सगळी सूत्रं कवायतबाईंच्या हातात होती. बाई म्हणजे एका शाळेतल्या निवृत्त कवायतशिक्षिका. वय सत्तर, पाठ फूटपट्टीसारखी ताठ आणि गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांचा नियम एकच, पण लोखंडी. निघण्याआधी प्रत्येकानं वीस किलोमीटर एका दिवसात चालून दाखवायचं. जो पार करेल तो आला, जो करणार नाही तो घरी. बाईंनी काकांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमच्या हातात चार महिने आहेत. तुमच्या पायात काय आहे ते तेव्हा कळेल."

काकूंनी त्यात आणखी एक अट घातली, ती फक्त काकांच्या कानावर. "तुम्ही नाही आलात तर मीही जाणार नाही. एकटीनं तीनदा झालं."

म्हणजे आता काकांच्या पायांवर दोघांची यात्रा उभी राहिली. आपण नापास झालो तर बायकोचीही शेवटची संधी जाणार, या विचारानं काकांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते बागेत हजर झाले. काकूही आल्या.

घरामागच्या त्या सार्वजनिक बागेत गोल रस्ता होता, एक फेरी चारशे मीटरची. काकांनी ती आधी पावलांनी मोजली, मग दोरीनं मोजली, मग एका वहीत तक्ता आखला. पहिल्या आठवड्यात रोज पाच फेऱ्या, दुसऱ्यात आठ. कोणी विचारलं तर तक्ता खिशातून निघायचाच आणि विचारलं नाही तरी निघायचा. बागेतले लोक लांबून त्यांना पाहून चालीचा वेग वाढवू लागले, ते व्यायामासाठी नव्हे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ठोक्याच्या जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. उलटे फिरवले की आतला खटका अडकतो, कधी चाकाचा दातच मोडतो. घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलेलं असलं तर काका काटा पाच मिनिटं मागे घेत नसत. प्रत्येक ठोका ऐकत, धीर धरून, तो पूर्ण फिरवून पुन्हा जागेवर आणत. गिऱ्हाइकानं काटा मागे ढकललेला दिसला की एरवी गरीब असलेला हा माणूस वाघ होई. असा माणूस गोल रस्त्यावर उभा राहिल्यावर कोणत्या बाजूनं निघणार? ज्या बाजूनं काटे फिरतात त्याच. चार महिन्यांत, एकूण बाराशे फेऱ्यांत, काका एकदाही उलट्या दिशेनं गेले नाहीत. दुसरी दिशा असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

काकू त्यांच्या मागून चालत. आधी जोडीनं निघत, पण काकांचे पाय जसे सुटले तसे ते पुढे निघून जाऊ लागले. दोन-तीन फेऱ्यांमागे एकदा ते मागून येऊन काकूंना गाठत. फेरीचा आकडा विसरू नये म्हणून तो मोठ्यानं म्हणत चालायची त्यांना सवय लागली होती. "सतरा, सतरा, सतरा" असा जप करत ते यायचे, काकूंच्या जवळून जाताना "चल, चल, पाय उचल" म्हणायचे आणि वळणापलीकडे दिसेनासे व्हायचे. काकू हसून हात हलवायच्या. बागेत जोडप्यांचा नमुना म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले होते.

चाचणीच्या दिवशी काका पहाटेच तयार होऊन दाराशी उभे. पहिले दहा किलोमीटर ते कवायतबाईंच्या खांद्याला खांदा लावून चालले. अकराव्याला उजव्या कमरेखाली एक चमक आली. बाराव्याला ती गुडघ्यापर्यंत उतरली. सरळ रस्त्यावर पाऊल टाकलं की पाय आपला नसल्यासारखा बाहेर फेकला जात होता. चौदाव्या किलोमीटरला काका कडेच्या दगडावर बसले आणि उठता येईना. मागून येणाऱ्या गाडीत त्यांना घातलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. घामाच्या नावाखाली त्यांनी ते पुसले.

काकू बऱ्याच मागे होत्या. मागे वळलेली गाडी त्यांच्याजवळ आली तेव्हा काका ओरडले, "तू चाल! तू पूर्ण कर!" काकूंनी दार उघडलं आणि शेजारी येऊन बसल्या. "तुम्हाला एकटं कसं पाठवू?" एवढंच म्हणाल्या.

 आपल्यापायी हिचंही गेलं, हे एकच परतीच्या वाटेवर काकांच्या मनात घोळत होतं.

संध्याकाळी कवायतबाई घरी आल्या. दारात काढलेल्या काकांच्या बुटांशी त्या थबकल्या, उकिडव्या बसल्या आणि दोन्ही बूट हातात घेऊन पालथे केले. डाव्याची टाच आतून झिजली होती, उजव्याची बाहेरून.

"कोणत्या बाजूनं फिरता हो तुम्ही?"

"कोणत्या म्हणजे? सरळ."

"गोल रस्त्यावर सरळ कसं फिरतात ते मलाही शिकवा. डावीकडे वळत की उजवीकडे?"

काकांनी बोट हवेत फिरवून दाखवलं. "बाकी कुठली बाजू असते?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "चार महिने एकाच अंगाला कलून चाललात. एक पाय लांब टाकायला शिकलात, दुसरा आखडता घ्यायला. सरळ रस्त्यावर दोघांचं जमणार कसं? उद्यापासून उलटं फिरा. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेते. माझ्या नियमात दुसरी चाचणी बसत नाही, पण बाराशे फेऱ्या मारणारा माणूसही बसत नाही."

काका बाईंना, त्यांच्या शिट्टीला आणि देवाला एकाच दमात धन्यवाद देत सुटले. दोन दिवस पाय शेकले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. काकू पाच मिनिटं आधीच आत गेल्या होत्या.

आणि काकांचं पाऊल उचलेना. तुम्ही हसाल, पण एक्केचाळीस वर्षांची सवय होती. उलट्या दिशेला तोंड करून ते उभे राहिले, दोन पावलं गेले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं. चाकाचा दात मोडल्याचा आवाज येतो की काय, असंच त्यांना वाटत असणार. मग खाली पाहत, एकेक पाऊल सांभाळत ते निघाले. सगळं लक्ष पायांकडे असल्यामुळे आकडा मोजायचंही राहून गेलं. त्या दिवशी काका बागेतून तोंड मिटून चालले होते.

समोरून माणसं येऊ लागली. इतके दिवस ज्यांच्या नुसत्या पाठी आणि टोप्या ओळखीच्या होत्या, त्यांना चेहरे फुटले. निळ्या टोपीच्या खाली पांढऱ्याशुभ्र मिशा आहेत हे काकांना प्रथमच कळलं. भरभर चालणाऱ्या एका बाई स्वतःशीच गाणं म्हणत होत्या. "काका, आज उलटे?" असं जो तो विचारत होता आणि काका मान डोलवत होते. त्यांना गंमत वाटायला लागली होती.

बागेच्या टोकाला पाण्याच्या पंपाची खोली होती. नेहमीच्या बाजूनं येताना खोलीपलीकडचं काही दिसत नसे. या बाजूनं मात्र शंभर पावलांवरूनच तिथला बाक दिसला. बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांनी डावा पाय समोर लांब केला होता. पिशवीतून गुडघ्याचा पट्टा काढून त्या तो चढवत होत्या आणि ओठ दातांखाली घट्ट धरला होता. पट्टा चढवून झाल्यावर त्या बाकाची पाठ धरून उठल्या, एक पाऊल टाकलं, डोळे मिटले आणि पुन्हा बसल्या. मग मान वळवून नेहमीच्या दिशेला कान दिला. आकडा ऐकू येतोय का, ते पाहत होत्या.

काका रस्त्यात उभे राहिले.

सगळं एका क्षणात उलगडलं. आपला आवाज आला की ही उठायची. आपण पंपाच्या खोलीला वळसा घालून येईपर्यंत ही चालत असायची, हसायची, हात हलवायची. आपण "पाय उचल" म्हणून पुढे जायचो आणि ही परत बाकावर. चार महिने. आणि परवा गाडीत येऊन बसली ती आपल्या एकट्यासाठी नव्हे. हिचाही पाय संपला होता. आपण मात्र दोन दिवस, माझ्यापायी हिचं गेलं, म्हणून कुढत बसलो. काकांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

ते जाऊन शेजारी बसले. काकू दचकल्या. "तुम्ही इकडून कसे?"

"कधीपासून दुखतोय?"

"काही नाही हो, आज जरा..."

"खोटं बोलू नकोस. पट्टा जुना दिसतोय."

काकूंनी पट्ट्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "वर्ष झालं. तुम्ही वीस वर्षांत पहिल्यांदा 'येतो' म्हणालात. मी जर तेव्हा 'गुडघा दुखतोय' म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला असतात."

ते खरं होतं. राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. त्यांनी खाली वाकून पट्ट्याचा सुटलेला बंद नीट बसवला, न ओढता, न आवळता. त्यांच्या बोटांना हे काम सहज येत होतं.

त्याच दिवशी दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी फोटो पाहिले, गुडघा वाकवून पाहिला आणि सांगितलं की चालणं बंद करू नका, पण दिवसाला दहा-बारा किलोमीटरच्या वर नाही. दर तासाला बसायचं, हातात काठी हवी. वीस विसरा. काकूंनी मान खाली घातली. "चला, निदान कळलं," म्हणाल्या.

काका घरी येऊन वही उघडून बसले. संध्याकाळी ते कवायतबाईंच्या दारात उभे होते.

"बाई, तुमचा जथा वीस किलोमीटर चालतो, बारा दिवस. आम्ही बारा चालू, वीस दिवस. तुमच्या आठ दिवस आधी निघू आणि शेवटच्या दिवशी तुमच्याबरोबर पायथ्याशी पोहोचू. हे बघा, प्रत्येक मुक्काम लिहिलाय. कुठे बसायचं, कुठे पाणी, कुठे डॉक्टर."

"नियम वीसचा आहे."

"नियम वीसचा नाही, बाई. नियम सगळ्यांना पोहोचवायचा आहे. वीस तुम्ही लोकांच्या रजेच्या सोयीसाठी धरलेत."

बाईंनी वही हातात घेतली. त्यातलं टाचणीच्या टोकासारखं बारीक अक्षर वाचायला त्यांना चष्मा शोधावा लागला. बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना रांगेत चालवलं. मागच्याला नेहमी 'पाय उचल' म्हणाले. पुढच्याला 'हळू चाल' म्हणायचं कधी सुचलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "ठीक आहे. पण तीन आठवड्यांनी चाचणी द्यावीच लागेल. लागोपाठ दोन दिवस, बारा-बारा किलोमीटर. आणि परीक्षा तुमची आहे, काकूंची नाही. तुम्ही एकदाही त्यांच्या पुढे गेलात तर नापास."

लोकांना वाटेल, ही काय परीक्षा! पण वेगाची चटक लागलेल्या माणसाला हळू चालायला सांगून बघा. पहिल्या दिवशी पहिल्याच किलोमीटरला काका बोलता बोलता दहा पावलं पुढे. सायकलवरून मागे येणाऱ्या बाईंनी शिट्टी फुंकली. काका जीभ चावून मागे आले. दुसऱ्या किलोमीटरला पुन्हा शिट्टी. "तिसऱ्यांदा वाजली की घरी," बाई ओरडल्या. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. काकूंना हसू आवरेना. शेवटी त्यांनी काठी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं काकांची बाही धरली. बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघं भर रस्त्यात अशी कधी चालली नव्हती. त्यानंतर शिट्टी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांची चाल आपोआप बसली. काकूंची काठी टेकली की यांचं पाऊल, असं जमून गेलं. उजव्या कमरेतली चमकही आली नाही. वाटेत ते पाहत होते: घरांच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, दुकानांच्या उघडणाऱ्या फळ्या, एका दारात आजोबांच्या पायात मोजा घालणारी नात. हे सगळं रोज असंच होत आलं असणार आणि आपण तेव्हा काचेच्या पेटीमागे होतो. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उरलंय ते पाहायला मिळतंय, तेही हिच्याबरोबर, याचं त्यांना अतोनात अप्रूप वाटत होतं.

आठवा किलोमीटर संपल्यावर दोघं एका बंद शाळेच्या पायऱ्यांवर बसली. काकूंनी केळं सोलून अर्धं पुढे केलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमची एवढी मेहनत वाया नाही का गेली? तुम्ही आता वीस सहज चालला असता. बाईच म्हणाल्या मला."

"वाया कुठे? तुझ्या वेगानं चालायला जास्त ताकद लागते."

"चेष्टा नको. आणि त्या सहाशे पायऱ्या? त्या मला चढवणार नाहीत, डॉक्टर सांगायला कशाला हवेत. पण तुम्ही वर जायचं हं. एवढं चालून जाऊन पायथ्याला बसून राहिलात तर काय उपयोग? मी खाली बसेन पिशव्या सांभाळत."

काकांनी आपलं अर्धं केळं संपवलं आणि साल काकूंकडून आपल्या हातात घेतली. रस्त्याच्या पलीकडे कवायतबाई सायकलला टेकून पाणी पीत होत्या.

"मी मागायला चाललोय का काही?" ते म्हणाले. "मी आभार मानायला चाललोय. मी स्टुलावर बसलो होतो तेव्हा घर कुणी चालवलं, लेकीला कुणी वाढवलं, तीनदा एकटीनं जाऊन माझ्या वाटचंही कोण मागून आलं, ते मला माहीत आहे. ती जर खाली पिशव्या सांभाळत बसणार असेल, तर मी वर जाऊन कुणाचे आभार मानू?"

काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं.  पदरानं डोळे टिपले, केळ्याची साल काकांच्या हातातून काढून घेऊन पिशवीत टाकली आणि काठी टेकून उठल्या.

"चार किलोमीटर राहिलेत," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.